तापत्या पाण्याचा आवाज



चैत्र सुरू आहे. संध्याकाळचे सात वाजून गेले तरी समोरच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो आहे, आणि अशा वेळी मी आपल्यापुढे पाणी तापविण्याविषयी बोलण्यास उभा राहिलो आहे. गच्चीवरच्या टाकीतले पाणीच सध्या अंगाला सोसत नाही, मग गिझरचे नाव कशाला, असे कोणी म्हटले तर मी त्यांना दोष देणार नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी किमान वेतनावर किंवा हंगामी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन. ते मी वर्षभर बोलतच असतो. यंदा मी घरातल्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर बोलणार आहे. एक कारण असे की, गिझर उघडून साफ करण्याचा काळ हाच. थंडीत कोणी घरात तो उघडू देत नाही. दुसरे कारण थोडे लाजिरवाणे आहे, ते ओघाने येईल.

मी यंत्रशास्त्र शिकलेला मनुष्य नाही. शाळा सातवीत सुटली. जे काही थोडे कळते ते साखर कारखान्याच्या हंगामी नोकरीत आणि वाचनालयाच्या बाकावर मिळवलेले आहे. त्यामुळे माझ्या सांगण्यात पंडिताची शिस्त सापडणार नाही.

आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांच्या घरात तांब्याचा बंब होता. मधून धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली लाकडे, तुऱ्हाट्या, कधी गोवऱ्या. वरून गार पाणी ओतायचे आणि खालच्या तोटीतून गरम काढायचे. हा बंब पेटवला की थोड्या वेळाने गाऊ लागे. आधी बारीक सूं असा स्वर, मग तो वाढत जाई, आणि पाणी खरोखर उकळू लागले की उलट आवाज खाली येई. घरातल्या बाया त्या आवाजावरून पाणी किती तापले ते ओळखत. हात घालून पाहण्याची गरज नसे.

हे गाणे येते कोठून? तळाच्या तापलेल्या धातूला लागून वाफेचा बारीकसा बुडबुडा तयार होतो. तो वर निघतो, परंतु वरचे पाणी अजून गार असते, म्हणून वाटेतच त्याची वाफ निवते, बुडबुडा आतल्या आत कोसळतो, आणि भोवतालचे पाणी त्या पोकळीत आपटते. अशा हजारो आपटण्यांचा मिळून तो स्वर होतो. सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे न कोसळता पृष्ठभागापर्यंत पोचतात, म्हणून आवाज मऊ होतो. लॉर्ड रेले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१७ साली पाण्यातली पोकळी कोसळताना किती दाब निर्माण होतो याचे गणित मांडले, आणि त्याला हा विचार सुचला तो चहाच्या किटलीच्या आवाजाचे वर्णन वाचताना, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. तेच गणित पुढे जहाजांच्या पंख्यांना खड्डे का पडतात हे समजण्यास उपयोगी पडले. म्हणजे बंबाच्या गाण्याकडे लक्ष देणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. आपल्या मुलखातील बोअरचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही, आणि पितळेच्या कळशीला आतून पांढरे कवच धरते. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कर्बवायू घेऊन जाते, त्यामुळे ते किंचित आम्ल बनते, आणि आपल्या काळ्या रानात खाली जी चुनखडी आहे ती त्यात विरघळते. पाणी थंड आहे तोवर चुना त्यात दिसत नाही. ते तापवले की कर्बवायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. जमिनीखाली हळूहळू झालेली क्रिया बंबात अर्ध्या तासात उलटी होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. आपण हिशेबापुरते ४०० धरू. घरात रोज ६० लिटर पाणी तापवले तर त्यातून २४ ग्रॅम दगड गिझरमधून जातो. बराचसा पाण्याबरोबर बाहेर पडतो. पण त्याचा दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाकाठी पाऊण किलोच्या वर भरतो. पंधरा लिटरच्या टाकीत पाऊण किलो चुनखडी! आणि आपण गिझर भिंतीवर लावल्यापासून दहा-दहा वर्षे उघडत नाही.

बंबाला हे भोगावे लागत नव्हते असे नाही. परंतु त्याचे झाकण उघडे असे. दिवाळीच्या आधी चिंच लावून, करवंटीने खरवडून तो आतून बाहेरून घासला जाई. आत काय चालले आहे हे सगळ्यांना दिसत होते. गिझर आला, त्याबरोबर पांढरे गुळगुळीत आवरण आले, आणि आतली गोष्ट दृष्टीआड झाली. राहिला तो एकटा आवाज.

आवाजावरून आतली स्थिती ओळखण्याची विद्या मी कारखान्यात शिकलो. साखर कारखान्यात उसाचा रस आटवण्यासाठी मोठमोठी उभी भांडी असतात, त्यांत शेकडो नळ्या. नळ्यांच्या बाहेरून वाफ आणि आतून रस. त्या नळ्यांनाही आतून क्षार धरतो. ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून त्या साफ कराव्या लागतात. आधी कॉस्टिक सोडा उकळतात, मग माणसे आत उतरतात आणि नळी-नळीतून ब्रश फिरवतात. माझा पहिला हंगाम त्या कामावर गेला. भांडे निवलेले असे म्हणतात, पण आत उतरलेल्या माणसाला ते निवलेले वाटत नाही. तिथे एक म्हातारे कामगार होते, आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ते लोखंडी सळईने नळीवर हलकेच टिचकी मारत. साफ नळी खणकन वाजे. क्षार धरलेली नळी ठस्स करी. ‘पोरा, डोळ्यानं दिसत नाही तिथं कानानं बघावं,’ असे ते म्हणत. रेल्वेच्या माणसांना ही गोष्ट नवी नाही. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी गाडी सुरू झाली. तिच्यासारख्या वाफेच्या इंजिनांचे बॉयलर जड पाण्याच्या मुलखात वेळोवेळी धुवावेच लागत, आणि चाकाला हातोडी मारून तडा ओळखणारी माणसे तर सगळ्या रेल्वेवर होती.

त्याच कारखान्यात एक गोष्ट घडली ती मला नंतर पुष्कळ वर्षे उपयोगी पडली. बॉयलरवरच्या माणसाने सांगितले की पाण्याच्या पंपाचा आवाज बदलला आहे. शिफ्टच्या वहीत आवाजाला रकाना नव्हता. दाब किती, पाण्याची पातळी किती, उष्णता किती, एवढेच लिहायचे. आकडे ठीक होते, म्हणून वहीत ‘सर्व ठीक’ लिहिले गेले, आणि चौथ्या दिवशी पंप बसला. कोणाला इजा झाली नाही, गाळप मात्र दीड दिवस बंद पडले. पुढे मी संघटनेच्या कामात आलो तेव्हा मागण्यांच्या यादीत आम्ही एक विचित्र मागणी घातली, वहीत ‘आवाज’ असा एक रकाना असावा. वाटाघाटीत साहेब हसले. म्हणाले, यंत्र आहे तर आवाज येणारच. दोन हंगाम भांडलो आणि तो रकाना मिळवला. मला त्याचा फार अभिमान वाटे. कोठेही भाषणाला उभा राहिलो की मी ती गोष्ट सांगत असे.

आता गिझरच्या आवाजांकडे वळतो. सुरुवातीचा बारीक सूं हा बंबाच्याच जातीचा. त्याला घाबरू नये. परंतु ज्वारीच्या लाह्या फुटल्यागत तडतड, किंवा पातेल्यात भात रटरटावा तसा गुडगुडाट ऐकू आला तर समजावे की कॉइलवर आणि तळाशी चुन्याचा थर बसला आहे. त्या थराला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत शिरते, तापत्या कॉइलला लागते, एकाएकी त्याची वाफ होते. एका लिटर पाण्याची उघड्या हवेच्या दाबाला सोळाशे लिटरहून अधिक वाफ होते, हे लक्षात घ्या. ती वाफ थराखालून धक्का मारून बाहेर पडते, गार पाण्यात कोसळते, आणि मोकळ्या जागेत पुन्हा पाणी शिरते. प्रत्येक लाही म्हणजे असा एक धक्का. थराचा एखादा पापुद्रा सुटला तर तो तळाशी जाऊन खडखडतो, तो आवाज निराळा. घागरीत खडे घालून हलवावी तसा.

येथे एका समजुतीविषयी बोलले पाहिजे, कारण ती मी स्वतः बरीच वर्षे लोकांना सांगत होतो. क्षार धरला की विजेचे बिल फार वाढते, असे सांगतात. लाकडावरच्या बंबाला ते लागू आहे. तिथे थरामुळे पाण्यात न शिरलेली उष्णता धुराबरोबर नळीतून निघून जाते. विजेच्या गिझरचे तसे नाही. कॉइल पाण्याच्या आतच बुडालेली आहे. तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाणार. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॅटच्या कॉइलला अठरा मिनिटांच्या आसपास लागतात आणि सहा दशांश युनिट वीज जाते. क्षार धरल्याने त्यात फार मोठा फरक पडत नाही. नुकसान होते ते कॉइलचे. चुन्याचा थर उष्णतेला धातूपेक्षा कितीतरी पटींनी अधिक अडवतो, म्हणून पाणी ६० अंशांवर असताना थराखालचा धातू फार अधिक तापतो, आणि एक दिवस त्याला चीर पडते. मग आतली वीज पाण्याला भेटते. बिलाची भीती घालून मी लोकांना चुकीच्या दिशेला पाहायला लावत होतो. खरे भय याचे आहे.

बाकीचे काही आवाज गिझरचे नसून नळाचे असतात. तोटी झटकन बंद केली आणि भिंतीत धाडकन ठोका बसला, तर तो वाहत्या पाण्याचा धक्का होय. रशियातील झुकोव्स्की या शास्त्रज्ञाने १८९७-९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून त्याचे गणित बसवले. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम अडवले तर दाब क्षणभर बारा-तेरा किलोने वाढतो. तोटी सावकाश फिरवावी आणि सुटलेले नळ भिंतीला चिमट्यांनी आवळावे. गरम पाणी सोडल्यावर भिंतीत टिकटिक होते ती नळ लांबल्याची. तीन मीटरचा लोखंडी नळ चाळीस अंशांनी तापला तर दीड मिलिमीटर लांबतो आणि आजचा सीपीव्हीसीचा नळ सात-आठ मिलिमीटर. त्याला सिमेंटमध्ये घट्ट चिणून टाकला तर तो कुरकुरणारच. यात धोका नाही.

धोका आहे तो सर्वांत बारीक आवाजात. तो म्हणजे टिपटिप.

गिझरला बाहेरून एक छोटी पितळी वस्तू लावलेली असते, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. आत स्प्रिंग, बाहेर बारीक तोंड. पाणी तापले की फुगते. २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेले तर शंभरात जवळजवळ दीड भाग वाढते. पंधरा लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी दोनशे मिलिलिटर भरते, म्हणजे एक मोठा पेला. पूर्वी ते आल्या वाटेने गच्चीवरच्या टाकीकडे परतत असे. आता गरम पाणी मागे येऊ नये म्हणून आत येणाऱ्या नळावर एकेरी व्हॉल्व्ह बसवतात. मग त्या पेलाभर पाण्याने जायचे कोठे? ते सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब थेंब बाहेर पडते. गिझर तापत असताना टिपटिप होते आणि तापून झाल्यावर थांबते, याचा अर्थ तो व्हॉल्व्ह आपले काम चोख करतो आहे. अहोरात्र टिपटिप असेल तर त्याच्या बैठकीत कचरा अडकला आहे किंवा नळाचा दाब अधिक आहे. आणि त्या तोंडातून वाफ फुंकली जात असेल तर मागेपुढे न पाहता मुख्य कळ खाली ओढावी; उष्णता मोजून वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला आहे.

आपल्या गावाला तोफांची सवय आहे, म्हणून त्या भाषेत सांगतो. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली ओतली गेली, आणि १६३२ मध्ये ती आपल्या किल्ल्यावरून विजापूरला नेली. तोफ म्हणजे काय, तर एका बाजूने उघडे असलेले जाड भांडे. आत दाब निर्माण होतो, परंतु त्याला वाट आहे, म्हणून भांडे टिकते आणि गोळा जातो. त्याच तोफेचे तोंड घट्ट बुजवून बत्ती दिली तर शत्रू दूरच राहतो आणि गोलंदाज मरतो. बंबाचे तोंड उघडे होते. गिझरचे तोंड ते एवढेसे, करंगळीइतके.

माझ्या घरी ही टिपटिप रात्रभर चाले, कारण गिझर चालू ठेवण्याची वाईट सवय आम्हांला लागली होती. मला झोप येईना. मी नळकाम करणाऱ्या मुलाला बोलावले. तो म्हणाला, ‘अण्णा, नवा व्हॉल्व्ह टाकतो.’ नवा टाकला, तरी टिपटिप. आता मला ठाऊक आहे की ती होणारच होती. त्या वेळी मी वैतागून म्हणालो, ‘अरे, बंद कर ते एकदाचे.’ त्याने तोंडाला एक पितळी डाट आवळली. शांतता झाली. मी मजुरी दिली, वर चहा पाजला.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने आमच्या घरातून मला सांगण्यात आले, ‘अहो, गिझर बोलतोय बघा.’ मी म्हणालो, जुना झाला, बोलणारच. पुढल्या आठवड्यात पुन्हा, ‘आज जास्तच तडतडतोय.’ मी संघटनेच्या सभेला निघालो होतो. चारपाच वेळा तरी तिने सांगितले असेल. मी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिले, जे उत्तर कारखान्यात ऐकून मी टेबलावर हात आपटला होता.

पौषातली एक पहाट. मी झोपेत होतो. न्हाणीघरातून ट्रक भिंतीला लागून उभा असावा असा घरघराट येऊ लागला. ती उठली आणि आधी मुख्य कळ खाली ओढली, मग मला हाक मारली. मी शहाणपणाने तोटी उघडायला गेलो. तोटीतून पाणी येईना, वाफेचे फुत्कार येऊ लागले, आणि माझ्या मनगटावर त्याचा जो डाग पडला तो येथे दिव्याखाली आपणांस दिसू शकेल. तोटी उघडणे हीदेखील चूक होती. वीज तोडून, दार ओढून, गिझर आपोआप निवेपर्यंत तिकडे न फिरकणे हेच योग्य.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आणि एका वायरमनला बसवून मी तो उघडवला. घमेलेभर पांढरे पापुद्रे निघाले. कॉइल दिसतच नव्हती. तिच्या जागी मक्याच्या कणसासारखा चुन्याचा सोट होता. थर्मोस्टॅटचे टोक चिकटून बसले होते, त्यामुळे वीज तुटत नव्हती. अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून आत दुसरी एक कळ असते, अति उष्णता झाली तर ती वीज तोडते आणि हाताने दाबल्याशिवाय परत जोडत नाही. ती पूर्वीच्या कोणत्या तरी दुरुस्तीत ‘सारखी तुटते’ म्हणून थेट जोडून टाकलेली निघाली. दुरुस्ती मीच करवून घेतली होती. आणि तिसरा पहारेकरी तो व्हॉल्व्ह. त्याच्या तोंडात डाट. मी त्या मुलाकडे पाहिले. तो खाली मान घालून म्हणाला, ‘अण्णा, तुम्हीच तर बंद कर म्हणालात.’ त्याचे काही चुकले नव्हते. नको त्या कामाला नाही म्हणण्याचा हक्क कामगाराला असावा असे मी म्हणतो खरे. पण माझ्या दारात त्याला तो हक्क मी दिला होता काय?

कारखान्यातल्या बॉयलरवर कायद्याचा डोळा असतो. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, त्यानंतर १८६४ साली बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. १९२३ मध्ये देशासाठी एक कायदा आला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. बॉयलरची नोंदणी होते, निरीक्षक येतो, व्हॉल्व्ह तपासतो, परवाना असलेल्या माणसाशिवाय तो चालवता येत नाही. घरच्या गिझरला यातले काही लागू नाही, कारण तो वाफ करण्यासाठी बनवलेला नसतो. तो कसा बनवावा याचे मानक आहे, आयएस २०८२ या क्रमांकाचे. परंतु भिंतीवर चढल्यानंतर त्याला पाहणारा निरीक्षक नाही. जी बाई पहाटे पाच वाजता पहिली बादली भरते तीच निरीक्षक, आणि तिच्याही वहीत रकाना नाही.

आता तो साफ कसा करावा ते सांगतो, कारण पुष्कळ जण त्यासाठीच थांबले असतील. प्रथम मुख्य कळ खाली ओढावी, प्लग काढावा, आणि टेस्टर लावून वीज नाही याची खात्री करावी. गिझर पूर्ण निवू द्यावा. आत येणाऱ्या पाण्याची तोटी बंद करून गरम पाण्याची तोटी उघडावी, मग खालचा नळ सोडवून टाकी रिकामी करावी. झाकण काढल्यावर तारांना हात लावण्याआधी फोनवर त्यांचे चित्र काढून ठेवावे. तारा जोडणे हे जाणत्या वायरमनचेच काम, त्यात फुशारकी नको. कॉइलची तबकडी सोडवताना तिच्याखालचा रबरी वायसर बहुधा फाटतो, म्हणून नवा आधीच आणलेला असावा. कॉइल हातोडीने ठोकू नये. किराणा दुकानात लिंबू सत्त्व मिळते. एका लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घालून त्यात ती बुडवावी. फेस येईल. तो तोच कर्बवायू. दोन-तीन तासांत थर मऊ होतो. टाकीतही तेच पाणी घालून ठेवावे आणि मग दोनदा धुवावे. संडास धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र कोणी आत ओतू नये. ते चुन्याबरोबर टाकीही खाते. आत मॅग्नेशियमची एक कांडी असेल तर ती पाहावी. टाकीऐवजी आपण गंजावे एवढेच तिचे काम, ती झिजून तार उरली असेल तर नवी घालावी. सर्व बसवल्यावर गरम पाण्याच्या तोटीतून अखंड धार येईपर्यंत कळ वर करू नये. कोरडी कॉइल मिनिटा-दोन मिनिटांत जळते. जड पाणी असलेल्या घरात वर्षातून एकदा हे करावे, आणि उष्णता पंच्याहत्तर अंशांवर न ठेवता साठाच्या आसपास ठेवावी, चुना कमी बसतो. नळाला बाहेरून चुंबक बांधून क्षार जातो असे सांगणारे विक्रेते येतात; मी त्यात माझा रुपया घालणार नाही.

सोलरवाल्यांनीही हसू नये. त्यांच्या काचेच्या नळ्यांत तोच चुना बसतो. तिथे तो गुपचूप बसतो एवढेच.

आणि हे गुपचूप बसणारे संकट आवाजापेक्षा वाईट, म्हणून जाता जाता दोन शब्द. अर्थिंगची तार तुटली तर गिझर काही बोलत नाही. कॉइलला चीर पडली तर पाणी वेगळे दिसत नाही. त्यासाठी घरात तीस मिलिअँपिअरचा गळती-तोड असावा आणि त्याचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. गॅसचा गिझर ज्यांनी बंद न्हाणीघरात लावला आहे त्यांनी तो उद्याच बाहेरच्या भिंतीवर हलवावा. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. माणूस आंघोळीला जातो, त्याला गुंगी येते, कडी आतून लावलेली असते. लाह्यांचा आवाज करणारा गिझर त्या मानाने सज्जन म्हणावा.

माझ्या घरी नवा व्हॉल्व्ह बसवला आहे. त्याच्या तोंडाला एक बारीक नळी लावून ती मोरीत सोडली आहे, म्हणून टिपटिप झोपेच्या आड येत नाही. अति उष्णतेची कळ नव्याने जोडून घेतली. मागच्या चैत्रानंतर पुन्हा वर्ष भरले आहे, तेव्हा उद्या सकाळी आठ वाजता मी तो पुन्हा उघडणार आहे. तोच मुलगा येणार आहे. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी यावे. लिंबू सत्त्व आणून ठेवले आहे. चहाचे पाणी मात्र त्या वेळेपुरते चुलीवर होईल, थोडा वेळ लागेल.